दुहेरी पिवळा दोरा

१

टप्प. डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि त्या निवांत दुपारी केवढा तरी आवाज झाला.

धाकटीनं श्वास रोखून पलंगाकडे पाहिलं. पोरगी कुशीवर वळली, अंगठा तोंडात सारला आणि पुन्हा गाढ झोपली. सासूबाई आतल्या खोलीत कलंडल्या होत्या. सुटीच्या दिवशी हा एवढा तास-दीड तास तिच्या वाट्याला येई, तोही चोरल्यासारखा. त्यात आज दोन कामं होती. पोरीच्या शाळेच्या शर्टाला बटण लावायचं आणि मांडीवरची फाइल वाचून काढायची.

डब्यात पांढरा दोरा संपला होता. नुसतं रिकामं रीळ होतं. आता कोण खाली उतरणार? तिनं पिवळसर दोरा घेतला, दुहेरी केला, बटण लावलं आणि दातांनी तोडला. मग फाइल उघडली.

सरकारी वकिलांच्या त्या कचेरीत दोनच बायका होत्या. एक थोरल्या बाई. एकतीस वर्षं कोर्टात उभ्या राहून त्यांचे गुडघे कामातून गेले होते, पण जीभ आणि डोळे शाबूत होते. दुसरी ही. हिला शिपायापासून न्यायाधीशांच्या कारकुनापर्यंत सगळे धाकटी म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. थोरल्या बाईंच्या हाताखाली धाकटी म्हणवून घेणं हा तिच्या लेखी मानच होता.

फाइल लाँड्रीच्या आगीची होती. गेल्या रविवारी दुपारी, दुकान बंद असताना, आत कपड्यांचा ढीग पेटला. माळ्यावर लाँड्रीवालीचे सासरे झोपले होते. ते तिथं झोपतात हे कुणाला ठाऊक नव्हतं, कारण सुनेचा डोळा चुकवून ते विडी ओढायला जात. खोकला ऐकून लाँड्रीवाली धुरात शिरली, म्हाताऱ्याला ओढून बाहेर आणलं. तो वाचला. तिचे दोन्ही हात भाजले.

ती नदीपलीकडून आलेल्यांपैकी होती. पंधरा वर्षं झाली तरी गाव त्यांना ‘पलीकडचे’च म्हणे. त्यांची सगळी वस्ती गिरणीमागच्या गल्लीत.

पोलिसांनी माणूसही पकडला होता. दुकानातला जुना इस्त्रीवाला. पंधरा दिवसांपूर्वी भांडून काम सोडताना भर रस्त्यात ओरडला होता, “आग लागो तुझ्या दुकानाला!” फौजदारांनी शेरा मारला होता, ‘वैयक्तिक राग. द्वेषाचं कलम लागू नाही.’

दोषारोपपत्र शुक्रवारी दाखल करायचं होतं. हातात दोन दिवस.

आणि फाइलच्या तळाशी थोरल्या बाईंची चिठ्ठी टाचलेली होती, त्यांच्या त्या मुंग्यांच्या रांगेसारख्या अक्षरात. ‘तेवीस गाठोडी वाचली. कुणी वाचवली?’

२

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी आधी दवाखान्यात गेल्या.

लाँड्रीवालीचे हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होते. थोरल्या बाई तिच्या शेजारी स्टुलावर बसल्या, आणि धाकटीला वाटलं होतं तसं काहीच विचारलं नाही. टेबलावरचं मोसंबं उचललं, सोललं, एकेक फोड लाँड्रीवालीच्या तोंडाजवळ धरत राहिल्या. निम्मं मोसंबं संपल्यावर तीच बोलली.

“मला भरपाई-बिरपाई नको, बाई. पण अपघात म्हणू नका, आणि भांडणही म्हणू नका. आमच्या गल्लीतली चार घरं सामान बांधून बसलीत. काय झालं आणि का झालं, ते कुणीतरी कोर्टात मोठ्यानं बोला. कारण कळलं तर माणूस दाराला कडी तरी लावतो. न कळलं तर गावच सोडतो.”

“इस्त्रीवाल्यानं केलं असेल?”

“तो?” तिला त्यातही हसू आलं. “तो दिवसातून चार वेळा शाप द्यायचा. शर्टाला, कोळशाला, स्वतःच्या कंबरेला. मी विजेची इस्त्री आणली म्हणून रुसून गेला. भांडून घराबाहेर गेलेला नवरा परत येतो तसा आला असता आठ दिवसांत.”

“दुकानाची किल्ली कुणाकडे?”

“मागच्या दाराची ना? हौदाच्या दगडाखाली असते. इस्त्रीवाल्याला ठाऊक, गाठोडी पोचवणाऱ्या सायकलवाल्याला ठाऊक. जागामालकांकडे त्यांची वेगळी.”

“आणि तेवीस गाठोडी कुणी बाहेर काढली?”

लाँड्रीवालीचे डोळे भरून आले. “देव जाणे. मी बाबांना घेऊन बाहेर पडले तेव्हा मागच्या ओट्यावर रचलेली दिसली. कुणीतरी चांगल्या माणसानं काढली असतील. त्याच्या पाया पडायचंय मला.”

जिन्यावरून उतरताना थोरल्या बाई एका पायरीवर थांबल्या. गुडघ्यासाठी असावं असं धाकटीला वाटलं. पण त्या म्हणाल्या, “त्या चांगल्या माणसाला आपण शोधू. मला त्याची भीती वाटायला लागलीय.”

३

कचेरीत जागामालक छाती पुढे काढून बसले. “पाणी मी मारलं! पहिली बादली माझी. विचारा कुणालाही.”

“आणि कपडे?”

“कपडे नाही बुवा. सायकलवाल्यानं काढले असतील. भला माणूस आहे.”

“जागा रिकामी झाली तर तुम्हाला हवीच होती म्हणे?”

“हवी होती, पण भिंतींसकट हवी होती, बाई! आता छप्पर कोण घालणार, तुम्ही?”

थोरल्या बाई हसल्या. “गाठोड्यांना रंगीत दोरे बांधलेले असतात, त्यांचं काय माहीत आहे तुम्हाला?”

“कसले दोरे?”

“जा तुम्ही.”

मग सायकलवाला आला. घरोघरी गाठोडी पोचवणारा, चाळिशीचा, स्वच्छ शर्ट, हात जोडलेले. धाकटीनं त्याला कित्येकदा रस्त्यानं जाताना पाहिलं होतं. म्हातारी माणसं दिसली की तो सायकलवरून उतरून वाट देई.

“मी नव्हतो हो चार दिवस. बुधवारीच बहिणीकडे गेलो होतो, रविवारी आलो. धूर दिसला म्हणून पळत गेलो. तोवर कपडे बाहेर होते. मालकांनीच काढले असतील.”

“तुम्ही नाही?”

“माझं कसलं हो नशीब,” तो नम्रपणे म्हणाला.

आजूबाजूच्या दुकानदारांनाही विचारून झालं. प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्यानं काढले. सगळं गाव एका पुण्यवान माणसाचं कौतुक करत होतं, आणि तो माणूस कुणी पाहिलाच नव्हता.

“मुद्देमालाची खोली उघडायला सांग,” थोरल्या बाई म्हणाल्या. “तुझं नाक हवंय मला. माझं सर्दीनं गेलंय.”

४

गाठोडी फळ्यांवर मांडून ठेवली होती. प्रत्येकाच्या गाठीला रंगीत दोरा बांधलेला. लाल दोरा बाजारपेठेचा, पिवळा शाळेच्या रस्त्याचा, हिरवा दवाखान्याच्या बाजूचा, निळा गिरणीमागच्या गल्लीचा. लाँड्रीवालीची ही साधी पद्धत. नाव वाचायला नको, गठ्ठा उघडायला नको.

धाकटीनं एक गाठोडं सोडलं, आतली चादर उलगडली आणि तोंड खुपसलं. पाच वर्षं तिनं लंगोट, दुपटी, झबली हुंगण्यात काढली होती. शेजारणीचं दूध उतू गेलं तरी दोरीवरच्या दुपट्याला कळतं, हे तिला ठाऊक होतं.

“साबण,” ती म्हणाली. “नुसता साबण, बाई. धुराचा वासही नाही.” मग गाठोडं उलटंसुलटं करून पाहिलं. “आणि काजळीचं एक बोट नाही कुठं. त्या खोलीतून मी एक रुमाल बाहेर आणला असता तरी काळे ठसे उठले असते.”

“म्हणजे?”

“म्हणजे आगीतून नाही काढली. आग लागायच्या आधी काढली.”

थोरल्या बाईंनी नुसतं तिच्या खांद्यावर हात ठेवला. धाकटीला तो हात संध्याकाळपर्यंत जाणवत राहिला.

“आता जळालेली अकरा कुणाची, ते सांग.”

धाकटीनं फाइलमधल्या यादीवर वरून खाली बोट फिरवलं. अकराच्या अकरा गिरणीमागच्या गल्लीतली होती. निळ्या दोऱ्याची. मधोमध ढीग रचून पेटवलेली.

कायद्यात कलम होतं. माणूस कुठला आहे, कोण आहे, एवढ्याच कारणानं त्याच्यावर घाला घातला तर तो गुन्हा जड. कलम चांगलं होतं, पण कोर्टात उभं करायचं म्हटलं की हातातून निसटे. आरोपीच्या मनात काय होतं ते कसं दाखवणार?

“मनात कशाला शिरतेस?” थोरल्या बाई नेहमी म्हणत. “त्यानं काय निवडलं ते बघ.”

आणि इथं तर कुणीतरी बसून, दोरे बघून, तांदळातले खडे निवडावेत तसे कपडे निवडले होते.

“झालं तर मग!” धाकटी म्हणाली.

“नाही झालं,” दारातून आवाज आला. फौजदार उभे होते, आणि त्यांच्या हातात एक कागद होता.

५

“वाचलेल्या तेवीसमधली तीन गाठोडी गिरणीमागच्या गल्लीतली आहेत,” फौजदार म्हणाले. “काल मालकिणी येऊन आपापल्या चादरी ओळखून गेल्या. द्वेष असता तर तीही जाळली नसती का? आरोपीचा वकील पहिला हाच प्रश्न विचारेल, आणि तुमचं कलम तिथंच आडवं होईल.”

धाकटीचा चेहरा पडला. थोरल्या बाईंनी मात्र फौजदारांना खुर्ची दिली. “बरं झालं तुम्ही आडवे आलात. आता इस्त्रीवाल्याला आणा.”

इस्त्रीवाला आला तो कुरकुरतच. “कोठडीतली चादर बघा आधी. चुरगळलेली. माणसानं झोपायचं कसं?”

थोरल्या बाईंनी टेबलावर दहा शर्ट पसरले. दोरे काढून टाकलेले. “कुणाचे ते सांगाल?”

त्यानं वाकूनही पाहिलं नाही. “हा मास्तरांचा, खडूनं खिसा झिजलाय. हा कंपाउंडरचा. हा गिरणीतल्या जॉबरचा, कॉलर उलटून शिवलीय. हा...” दहाही बिनचूक. मग फौजदारांकडे वळला. “आणि साहेब, तुमची डावी बाही कायम चुरगळते. टेबलावर कोपर टेकून झोपता तुम्ही.”

फौजदारांनी कोपर हळूच खाली घेतला.

“दोरे बघत नाही तुम्ही?”

“दोरा पोचवणाऱ्याला लागतो, बाई. मी कापड ओळखतो. गल्लीतले कपडे वेगळे काढ म्हणाल तर डोळे बांधून काढीन.”

तो गेल्यावर थोरल्या बाई म्हणाल्या, “बघा फौजदार. ह्याचा राग लाँड्रीवालीवर असता तर कपडे निवडत बसला नसता. पलीकडच्यांवर असता तर ती तीन गाठोडी ह्याच्या हातून सुटली नसती. हा आपला माणूस नव्हे.”

“मग तीन सुटली कशी?”

थोरल्या बाईंनी तो प्रश्न फाइलवर लिहून ठेवला. बाहेर कचेरी बंद व्हायची वेळ झाली होती. उद्या शुक्रवार.

६

सकाळी धाकटी पोरीला शाळेसाठी तयार करत होती. केस विंचरून घेताना पोरगी स्वतःच्या शर्टाकडे बघून फुरंगटली.

“आई, हे बटण पिवळ्यानं लावलंस. बाकीची पांढऱ्यानं आहेत.”

“पांढरा दोरा संपला होता गं राणी. हाताशी होता तो घेतला, आणि पक्कं बसावं म्हणून दुहेरी...”

कंगवा केसातच राहिला.

“आई, दुखतंय!”

“सासूबाई, हिला तुम्ही सोडता का आज?” एवढं म्हणेपर्यंत धाकटीनं चपलेत पाय घातले होते.

मुद्देमालाच्या खोलीत तिनं ती तीन गाठोडी दोन्ही हातांनी खिडकीशी नेली. पिवळा दोरा. शाळेच्या रस्त्याचा. पण बाकीच्या पिवळ्यांना एकेरी दोरा होता, आणि ह्या तिघांना दुहेरी.

दवाखान्यात लाँड्रीवालीनं प्रश्न ऐकला आणि जीभ चावली. “हो की! गुरुवारी निळं रीळ संपलं. म्हटलं आणीन सोमवारी. तोवर गल्लीतल्या कपड्यांना पिवळा दुहेरी बांधला. गल्लीत तर तीन दिवस मीच पोचवत होते, मला ठाऊक होतं, पुरे.”

“दुसऱ्या कुणाला सांगितलंत?”

“सांगायचं कुणाला? इस्त्रीवाला रुसलेला, सायकलवाला बहिणीकडे. पोलिसांनी माझे वैरी कोण ते विचारलं, बाई. माझं काम कुणी विचारलं नाही.”

धाकटी धापा टाकत कचेरीत पोचली तेव्हा थोरल्या बाई चहा पीत होत्या. सगळं ऐकून त्यांनी कप खाली ठेवला.

“म्हणजे ज्यानं निवडलं, त्याला कपडे ओळखता येत नव्हते, दोरे येत होते. आणि बुधवारनंतर काय बदललं, ते त्याला ठाऊक नव्हतं.” त्यांनी धाकटीकडे असं पाहिलं की तिच्या धावपळीचं चीज झालं. “फौजदारांना बोलाव. आणि सायकलवाल्याला निरोप दे, वाचलेले कपडे लोकांना परत द्यायचेत, लावून द्यायला ये म्हणावं.”

७

तो लगेच आला. आनंदानं आला.

तेवीस गाठोडी मधल्या खोलीत एकत्र ओतलेली होती. तो बाह्या सारून कामाला लागला, आणि धाकटीला त्याही क्षणी त्याच्या हातांचं कौतुक वाटल्यावाचून राहिलं नाही. जड खाली, हलकं वर, प्रत्येक गाठ बाहेरच्या बाजूला, म्हणजे दोरा दिसावा. दहा मिनिटांत तीन सुबक चळती उभ्या राहिल्या. लाल, पिवळी, हिरवी.

थोरल्या बाईंनी पंचनाम्यातला फोटो टेबलावर ठेवला. मागचा ओटा. तीन चळती, जड खाली, हलकं वर, गाठी बाहेर.

सायकलवाल्यानं फोटो पाहिला. मग म्हणाला, “सगळेच असं रचतात.”

“रचत असतील,” थोरल्या बाई म्हणाल्या. “ह्या पिवळ्या चळतीतली ही तीन कुणाची?”

“शाळेच्या रस्त्याची. पिवळा दोरा.”

“नाही. गिरणीमागच्या गल्लीतली आहेत. निळा दोरा संपला होता, तुम्ही गावाला असताना.”

तेव्हा त्यानं जे केलं, ते कुठल्या जबाबात आलं नसतं. त्यानं त्या गाठोड्यांना लागलेले हात पँटला पुसले. आधी एक, मग दुसरा. फौजदारांनी ते पाहिलं आणि पहिल्यांदाच वहीतून पेन वर घेतलं.

“मी चोर नाही, बाई,” तो शेवटी म्हणाला. आवाज तसाच नम्र. “कुणाचं नुकसान करणारा माणूस नाही मी. लोकांचे कपडे होते ते, लोकांचं नुकसान कसं होऊ द्यायचं? एकेक करून बाहेर काढले.”

“आणि जे जळाले, ते कुणाचे होते?”

सायकलवाला उत्तर शोधत होता, आणि ‘लोकांचे’ हा शब्द काही त्याच्या तोंडून दुसऱ्यांदा निघेना.

८

कलम लागलं. शुक्रवारी पाच वाजायला दहा मिनिटं असताना धाकटीनं दोषारोपपत्र दाखल केलं. इस्त्रीवाला त्याच संध्याकाळी सुटला. लाँड्रीवालीचे हात बरे होईपर्यंत तो तिच्यासाठी उसन्या दुकानात इस्त्री करत राहिला. विजेची. दिवसातून चार वेळा तिला शाप देत.

खटला सात महिने चालला. आरोपीच्या वकिलानं तीन गाठोड्यांचा प्रश्न काढलाच. थोरल्या बाई उठल्या, एका हातानं टेबल धरून, आणि म्हणाल्या, “महाराज, ती तीन त्यानं सोडली नाहीत. त्याला ती आपल्या माणसांची वाटली म्हणून उचलून बाहेर नेली. जी त्याला परक्यांची वाटली, ती जाळली. त्याच्या मनात काय होतं ते मी सांगत नाही. ते त्यानंच रचून ठेवलं आहे, गाठी बाहेर करून.”

धाकटी मागच्या बाकावर बसली होती. तिला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. कोर्ट होतं म्हणून मांडीवरची फाइल नुसती घट्ट धरली.

निकालात न्यायाधीशांनी कारण मोठ्यानं वाचलं. सगळं वाक्य, न गाळता. पहिल्या रांगेत गिरणीमागची गल्ली बसली होती. लाँड्रीवालीनं गुलाबी कातडीचे, नवे, ताठर हात मांडीवर ठेवून ऐकलं. बाहेर आल्यावर ती थोरल्या बाईंच्या पाया पडायला वाकली, तर बाईंनी तिला वरच्या वर धरलं. “मला वाकवू नकोस, बाई, माझे गुडघे गेलेत. त्या चार घरांचं सामान सुटलं का?”

“तीन घरांचं सुटलं. एक गेलं.”

थोरल्या बाईंनी पिशवीतून पेन काढलं. मग म्हणाल्या, “पत्ता आहे का त्यांचा? निकालाची प्रत पाठवू.”

ते सगळं धाकटीनं घरी येऊन पोरीला सांगितलं, पोरीला कळेल अशा बेतानं. पोरगी फरशीवर बसली होती, शिवणाचा डबा पुढ्यात उलटा केलेला. बाहुल्यांच्या झग्यांना तिनं दोरे बांधले होते. दोन लाल, एक हिरवा, एक निळा. नवं निळं रीळ आईनं परवाच आणलं होतं.

“हा जाळायचा होता त्या काकांना?” तिनं निळ्या दोऱ्याचा झगा वर धरला.

“हो.”

पोरीनं विचार केला. मग आईसारखाच एकेक दोरा दातांत धरून कटकन तोडला आणि सगळे झगे एकमेकांत मिसळून टाकले. चार छोटे झगे, सगळे सारखेच मळके.

“आई, आता? आता त्यांना कसं कळलं असतं?”